स्वर्गाच्या पायऱ्यांसाठी बॅटरी

झुल्मा बेन्तांकोरने तिसरी बॅटरी हातातून सोडली तेव्हा वाल्देमारने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अगं बाई, बॅटरी घ्यायला आलीयस की माझं दुकान मोडायला?"

"पाडून बघतेय," झुल्मा शांतपणे म्हणाली.

बॅटरी गोल होती, लोखंडी, चकचकीत. फरशीवर ठण्णकन आपटून ती रंगाच्या डब्यांखाली घरंगळत गेली. वाल्देमार आपलं पोट सावरत खाली वाकला आणि झाडूच्या दांड्याने ती बाहेर ओढू लागला.

"लोक बॅटरी लावून बघतात. उजेड किती, लांब किती जातो ते विचारतात. पाडून बघणारी तू पहिलीच."

"उजेड काय, सगळ्यांनाच असतो. पुढची दाखव."

दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकलेली. त्यामुळे साल्तो गावात झुल्माला असं तोंडावर बोलायची मुभा वाल्देमारला होती. बाकीचे जपून असत. झुल्मा होतीच तशी. कंबर ताठ, केस घट्ट बांधलेले, काळं जाकीट इस्त्री केलेलं. थिएटरात लोकांना अंधारातून त्यांच्या खुर्चीपर्यंत नेण्याचं काम ती करायची, पण चालायची अशी की थिएटर तिच्याच बापाचं असावं.

आमच्याकडे थिएटरच्या सगळ्यात वरच्या, छताला टेकलेल्या गॅलरीला स्वर्ग म्हणतात. तिथलं तिकीट सगळ्यात स्वस्त आणि पायऱ्या सगळ्यात उभ्या. शिंपी, शिक्षिका, धोबिणी, संत्र्यांच्या बागांत राबणारी माणसं, सगळी तिथेच येतात. खाली मखमलीच्या खुर्च्यांत बसलेले लोक कपड्यांच्या चुण्या सांभाळत टाळ्या वाजवतात. वरचे हात लाल होईपर्यंत वाजवतात. झुल्माला खालचा मजला कितीदा तरी देऊ केला होता, पण तिने स्वर्ग सोडला नाही. तिच्या कारकिर्दीत त्या पायऱ्यांवर एकही माणूस पडला नव्हता. हे ती कुणालाही सांगायची, आणि मान वर करून सांगायची.

पडली होती ती बॅटरी. मागच्या महिन्यात राजधानीहून एक गिटारवाला आला होता. एका अगदी हळुवार जागी, जिथे माणसं श्वाससुद्धा जपून घेत होती, तिथे झुल्माच्या हातातली जुनी गोल बॅटरी निसटली. निसटली ती निसटली, आणि पायरीमागून पायरी, एकही न चुकवता, ठण ठण करत थेट कठड्यापर्यंत गेली. गिटारवाला थांबला. त्याने वर पाहिलं. अख्खं थिएटर हसलं. दुसऱ्या दिवशी झुल्मा बेकरीत बिस्कोचो, म्हणजे न्याहारीचे छोटे पाव, घ्यायला गेली तर बेकरीवाला म्हणाला, "काय झुल्मा, ऐकलं की काल स्वर्गातून वीज कोसळली!" तिने ऐकलं न ऐकलं केलं, पण त्यानंतर आठवडाभर ती दुसऱ्या बेकरीत जात होती.

कुणाचा तरी धक्का लागला, असं तिने सगळ्यांना सांगितलं. धक्का कुणाचाच लागला नव्हता. गेल्या दोन हिवाळ्यांत तिच्या बोटांची पेरं सुजली होती. सकाळी कढत माते, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, प्यायचा भोपळ्याचा छोटा पेलासुद्धा तिला दोन्ही हातांनी धरावा लागे. एकाच घरात राहणाऱ्या बहिणीपुढेही ती तो उजव्या हातात धरल्याचं सोंग आणायची.

थिएटरचा कारभार आता यामिलाकडे होता. तिशीतली, हुशार, मनाने चांगली मुलगी. तिने झुल्माला बोलावून, दार लावून, थोरामोठ्या बाईला म्हणतात तसं 'दोन्या' म्हणत सांगितलं, "दोन्या झुल्मा, राग मानू नका. पण पुन्हा असा आवाज झाला तर मला तुम्हाला खाली दाराशी प्रेक्षकांचे कोट सांभाळायला बसवावं लागेल. पाहुणे कलाकार परत येणार नाहीत."

कोट सांभाळायला खुर्ची मिळते, शेजारी शेगडी असते. दुसरी कुणी असती तर देव पावला म्हणाली असती. झुल्मा त्या रात्री जेवली नाही. रविवारी गाण्याचा कार्यक्रम होता, त्याआधी तिला बॅटरी हवी होती, आणि म्हणून ती वाल्देमारच्या दुकानात उभी होती.

"ही बघ," वाल्देमारने मान वाकडी असलेली, चिमट्याची बॅटरी काढली. "जाकिटाला अडकव, हात मोकळे. तुमचा मिल्टन हीच घेऊन गेला."

"मिल्टन खालच्या मजल्यावर आहे. तिथे पायऱ्या नाहीत." झुल्माने ती छातीला लावली आणि दुकानात चार पावलं चालली. "बघ, उजेड कुठे पडतोय? माझ्या पुढे. मला काय करायचाय? त्या पायऱ्या मी झोपेत उतरेन. मागून येणाऱ्याला दिसायला हवं."

तिने हात पाठीमागे नेऊन दाखवला. स्वर्गातली रीत अशी की नेणारा पुढे चालतो आणि बॅटरी पाठीशी धरतो. उजेड मागच्याच्या पावलापुढे पडतो. कुणाच्या तोंडावर जात नाही, रंगमंचाकडे जात नाही. झुल्माला ही रीत तिच्या आधीच्या बाईने शिकवली होती.

"मग ही पेनासारखी?"

ती पडली आणि गोल बॅटरीपेक्षा जोरात पळाली. मग सहा कोनांची आली. ती फार घरंगळली नाही, पण दोन कोलांट्या खाऊन खड्खड् वाजली. चौकोनी होती तिच्या कडा अशा की महिन्याभरात जाकिटाचा खिसा फाडला असता.

"झुल्मे, दुकान बंद करायची वेळ होत आली. तुला नक्की हवंय तरी काय?"

झुल्मा उत्तर देणार होती, पण तेवढ्यात ती शेवटच्या बॅटरीचं बटण दाबायला गेली आणि अंगठा वाकेना. तिने एकदा दाबलं, पुन्हा दाबलं, मग तळहाताच्या टाचेने दाबलं. वाल्देमार बघत होता. ओठांवर आलेला विनोद त्याने गिळला. तो मागच्या फळीकडे गेला आणि एक चपटी, काळी, रबराचं अंग असलेली बॅटरी घेऊन आला.

"ही कुणी घेत नाही," तो म्हणाला. "साबणाच्या वडीसारखी आहे. हातात काही धरलंय असंच वाटत नाही. पण बटण मोठं आहे."

झुल्माने ती तळहातावर ठेवली. बोटं फारशी मिटावी लागत नव्हती. बटण अंगठ्याच्या बुडाशीच येत होतं. तिने ती सोडली.

थप्.

पडली तिथेच राहिली. झुल्मा वाल्देमारच्या बाजूने तळघराच्या जिन्याशी गेली आणि तिथूनही सोडली. थप्. दुसऱ्या पायरीवर गप्प बसून राहिली, दिवा वर करून.

"अगदी तुझ्यासारखी आहे," वाल्देमार म्हणाला. "पडली तरी नाक वर."

झुल्मा हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच हसली. बॅटरी जाकिटाच्या खिशात सरकवून तिने आरशात पाहिलं. फुगवटा दिसत नव्हता.

"बांधून देऊ?"

"कशाला? खिशातच राहू दे."

रविवारी संध्याकाळी स्वर्ग गच्च भरला. गाणारा गावचाच होता, नदीकाठच्या वस्तीतला, त्यामुळे वरच्यांना खालच्यांपेक्षा जास्त उत्साह. झुल्माने एकेकाला बसवलं. बॅटरी तळहातात, तळहात पाठीशी, उजेड मागे. सगळं नीट चाललं होतं. दिवे गेले, गाणं सुरू झालं, आणि मग दार ढकलून एक बाई आत आली. संत्र्यांच्या बागेतून थेट आलेली दिसत होती. अंगाने जाड, दम लागलेला, आणि पायात उंच टाचांचे नवेकोरे जोडे, जे तिला चावत होते.

"बस चुकली हो," ती कुजबुजली. "तो गातोय ना, माझा भाचा आहे. पुढची जागा आहे माझी, कठड्याजवळची."

"माझ्या मागून या. घाई नको," झुल्मा म्हणाली.

कठड्याजवळची जागा म्हणजे सगळ्या पायऱ्या. झुल्मा उतरू लागली. मागून बाईच्या टाचा आणि तिचा श्वास ऐकू येत होता. मध्यावर आल्या आणि खाली गिटार थांबली. गाणारा एकटा, वाद्याशिवाय, अगदी खालच्या स्वरात गाऊ लागला. त्याच क्षणी झुल्माच्या हातात कळ आली. बोटं आपोआप उघडली. तिला बॅटरी जाताना कळली आणि तिने डोळे मिटले.

थप्.

झुल्माने डोळे उघडले. कुणीही मान वळवली नव्हती. गाणं चालू होतं. ती मागे वळली. बॅटरी तिच्या आणि त्या बाईच्या मधल्या पायरीवर आडवी पडली होती आणि पायरीची झिजलेली कड स्वच्छ दिसत होती. बाईने त्या उजेडात पाऊल टाकलं, मग दुसरं. मग वाकून बॅटरी उचलली आणि झुल्माच्या तळहातावर अलगद ठेवली.

"दिवा ठेवलात ते बरं केलंत," ती कुजबुजली. "ती पायरी मला दिसलीच नसती."

झुल्माने तिला कठड्याशी नेऊन बसवलं. वर परत आल्यावर ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. गाणं संपलं तेव्हा स्वर्ग हात लाल करून घेत होता आणि तीही टाळ्या वाजवत होती, दुखणाऱ्या हातांनी.

कार्यक्रम संपल्यावर यामिलाने तिला खोलीत बोलावलं. ती खूश होती.

"दोन्या झुल्मा, गाणाऱ्याची मावशी जाताना मुद्दाम मला भेटून गेली. म्हणाली, तुमच्या वरच्या बाईंनी माझ्यासाठी पायरीवर दिवा ठेवला, असं अगत्य कुठे पाहिलं नाही. आपण हे सगळ्यांनाच शिकवूया का?"

झुल्मा गप्प राहिली असती तरी चाललं असतं. नुसती मान हलवली असती तर उद्या गावभर कौतुक झालं असतं, आणि बेकरीवाल्याचं तोंड कायमचं बंद. पण न केलेल्या गोष्टीचा मान घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

"ठेवला नाही," ती म्हणाली. "पडला."

"म्हणजे?"

"बॅटरी हातातून पडली. मागच्या वेळीही तशीच पडली होती. धक्काबिक्का कुणी दिला नव्हता, ते मी खोटं सांगितलं." तिने दोन्ही हात टेबलावर, यामिलासमोर ठेवले. "हे बघ."

पेरं आल्याच्या गाठींसारखी झाली होती. बोटं सरळ होत नव्हती. यामिला लहान असताना याच हातांनी तिला स्वर्गात बसवलं होतं, आणि ते दोघींनाही माहीत होतं.

"म्हणून तर ही घेतली," खिशातली बॅटरी काढून टेबलावर ठेवत झुल्मा म्हणाली. "बॅटरी पडणार. ते मला आता थांबवता येत नाही. कशी पडेल एवढंच मला ठरवता आलं, ते मी ठरवलं. तू शब्द दिला होतास, तो तू पाळ. मी काही म्हणणार नाही."

यामिलाने त्या हातांवरून नजर वर उचलली.

"मी आवाजाबद्दल बोलले होते," ती म्हणाली. "हातांबद्दल नाही. आवाज झाला?"

"नाही."

"मला ऐकू आला नाही. गाणाऱ्याला नाही. मग?" ती थोडी घुटमळली. "पण दोन्या झुल्मा, एखाद्या दिवशी हात अगदीच ऐकेनासे झाले तर?"

"तर मीच येऊन सांगेन. तुला विचारायची वेळ येणार नाही."

"बरं. गुरुवारी शाळेची मुलं आहेत, सगळा स्वर्ग त्यांचाच. साडेपाचला या."

"पाचला येते. मुलं येणार म्हणजे आधी पायऱ्या झाडून घ्याव्या लागतील."

झुल्माने टेबलावरची बॅटरी उचलली. खिशात घालायला गेली तर ती खिशाच्या काठाला अडली. यामिला जागची उठली नाही, तिने हात पुढे केला नाही. झुल्माने दुसऱ्यांदा, सावकाश, ती आत सरकवली, जाकीट खाली ओढून नीट केलं आणि दार उघडून बाहेर पडली.