उत्तर टोकाची मोजणी

फाटकातून उधळत जाणारा कळप आयव्हर मॅकॲस्किल तिनातिनांनी मोजायचा. शंभर झाल्या की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. एक मेंढी सुटायची नाही. पश्चिम फॉकलंडभर त्याची ही ख्याती होती, म्हणून पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीने तीस वर्षांपूर्वी त्याच्या बेटावरच्या पेंग्विनांची वार्षिक मोजणी डोळे झाकून त्याच्याकडे सोपवली. ते डोळे पुढे कुणी उघडलेच नाहीत.

यंदा मात्र कचेरीने मोरवेना नावाची मुलगी पाठवली. तिने बेटाच्या उत्तर टोकावर, पेंग्विनांच्या वसाहतीत, दोऱ्या ताणून चौकोन आखले, त्यातली घरटी मोजली, त्यावरून सगळ्या वसाहतीचा अंदाज बांधला आणि दुपारच्या चहाला पडलेल्या चेहऱ्याने येऊन बसली.

"तीन हजार शंभर! गेल्या वर्षी तुम्ही सहा हजार दोनशे लिहिलेत. निम्मी वसाहत साफ झाली, आयव्हरकाका. मेंढ्या तिथलं गवत खातात, पिल्लांना आडोसा उरत नाही. टोकाला कुंपण घालावं लागणार बघा."

आयव्हरने चहाचा कप खाली ठेवला. हिवाळ्यात बेटावर दुसरीकडे काडी उरत नसे. टोकावरच्या उंच गवतावरच कळप तगायचा. कुंपण झालं की अर्धा कळप विकावा लागणार.

"साफ झाली? अगं, परवाच मोजलेत मी. सहा हजार एकशे नव्वद डोकी आहेत."

"डोकी? काका, या दिवसांत नर-मादी दोघंही घरट्यावर असतात. एका घरट्याची एक जोडी धरायची."

"फॉर्मवर 'जोड्या' असंच छापलंय रे," केक कापता कापता त्याची बायको नेस्टा म्हणाली. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

"जोड्या कोण मोजतो? पन्नास मेंढ्यांमागे एक मेंढा असतो!"

मोरवेनाला हसू आवरेना. "म्हणजे तुमच्या डोक्यांचे निम्मे तेवढ्या माझ्या जोड्या. काही घटलंच नाही. एवढंच लिहून कळवा, मीही कळवते."

एवढंच! तीस वर्षांचं नाव एका ओळीत पुसायचं. लाजेने आयव्हर दोन दिवस मेंढ्यांमागेच फिरत राहिला.

"लिही बाबा," शेवटी नेस्टाने कागद पुढे सरकवला. "अब्रूला गवत लागत नाही, मेंढ्यांना लागतं."

त्याने लिहिलं. महिन्याभराने विमानातून उत्तर आलं. श्री. मॅकॲस्किल यांचे आकडे अत्यंत विश्वसनीय असून अनेकांचा अभ्यास त्यांवर उभा आहे, सबब एका पत्रावरून ते रद्द करता येत नाहीत. कुमारी मोरवेना यांनी मोजलेली घट गंभीर आहे, तिचा अर्थ लावण्याइतका अनुभव मात्र त्यांना अजून नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्मरणात थोडा गोंधळ होणं स्वाभाविक आहे, श्री. मॅकॲस्किल यांनी मनाला लावून घेऊ नये. कुंपणाचं काम मार्चमध्ये सुरू होईल. सोबत अचूक गणनेबद्दल मानपत्र, चौकटीसह.

"तीस वर्षं चुकत होतो तेव्हा शहाणा," आयव्हर कडाडला, "आणि एकदा खरं बोललो तर म्हातारचळ!"

मार्चमध्ये कुंपण उभं राहिलं. अर्धा कळप बोटीत चढवताना त्याने एकाही मेंढीच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

नोव्हेंबरात नेहमीसारखा फॉर्म आला. आयव्हर टोकावर जाऊन आला. घरटी मोजली, डोकीही मोजली. दोन्ही जवळपास गेल्या वर्षाइतकीच होती.

नेस्टा पेन घेऊन बसली. "सांग. जोड्याच लिहू ना या वेळी? तीन हजार शंभर?"

"लिही. मग म्हणतील, निम्मे गेले ते खरंच होतं, बरं झालं कुंपण घातलं."

"मग डोकी लिहू? सहा हजार दोनशे?"

"तेही लिही. म्हणतील, कुंपण घातलं आणि बघा, वर्षात दुप्पट झाले."

नेस्टाने पेनाला टोपण लावलं. खिडकीबाहेर उरलेल्या मेंढ्या कुंपणाला नाक लावून पलीकडचं गवत हुंगत होत्या.