आधी नवी वात

नानीबाईच्या घरात दोन गोष्टी विझू द्यायच्या नव्हत्या. एक देवीपुढचा दिवा, आणि दुसरी पत्र्याच्या पेटीवर ठेवलेल्या व्हिडिओ गेमच्या डबड्यावरची बारीक लाल बत्ती. दिव्याला तेल लागायचं, डबड्याला बॅटरी. दिवा नानीबाईचा, डबडं तिच्या लेकीचं, मिनाचं. वारंगा फाट्यामागच्या त्या तांड्यात बाया नानीबाईच्या नवऱ्याचं नाव घेऊन हसून म्हणायच्या, "पुनमचंदच्या घरातली माणसं निजतात, पण उजेड काही निजत न्हाई."

दिव्यालाही कारण मिनाच होती. तिला गोरेगावकडच्या तांड्यात दिलेलं. नवरा प्रेमदास गोरेगाव–सेनगाव जीप चालवायचा. दोनदा तिला दिवस गेले, दोनदा पोट रिकामं झालं. दुसऱ्या खेपेला सासूनं, पारुबाईनं, गोड बोलून जीपमध्ये बसवलं. "माहेरी जरा आराम कर, मंग नेतो," म्हणाली. तो आराम संपायचं नाव घेईना. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, निरोपाचा पत्ता नाही. तेव्हा नानीबाईनं जगदंबेपुढं पदर पसरला. मिना नांदायला जाईल त्या दिवसापर्यंत दिवा अखंड ठेवीन, एकवेळ जेवीन. या बाईचा आवाज उभ्या जन्मात चुलीपलीकडं गेला नव्हता, पण बोललेला नेम ती मोडत नसे. तापानं फणफणली तरी उठून तेल घालायची.

डबड्याची गोष्ट वेगळी. परभणीतून हिंगोली जिल्हा निराळा झाला ते साल. मिनाचा धाकटा भाऊ रणजीत फाट्यावर ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा. हौसेनं त्यानं नांदेडहून टीव्हीला जोडायचा गेम आणला, आणि दुकानदारानं त्यावर एक जुनी कॅसेट फुकट टाकली. वर इंग्रजीत जपान असं लिहिलेलं होतं, आत सगळी किड्यामुंग्यांसारखी अक्षरं. रणजीतनं थोडा वेळ बटणं दाबून पाहिली आणि वैतागला.

"बाई, हे काय लावलंय! ना उडी, ना गोळी. नुसतं गावात फिरून राहिलंय."

"ठिव मंग माझ्यापाशी," मिना म्हणाली.

खरंच त्यात नुसतं गाव होतं. एक विहीर, चार घरं, एक मुक्कामाचं ठिकाण, एक देऊळ. कुणाच्याही घरात शिरावं, मडकी उघडून बघावी, कुणी विचारत नव्हतं की तू कुणाची सून. दारातला म्हातारा प्रत्येक वेळी तेच वाक्य बोलायचा. ते वाक्य तिला कधीच कळलं नाही, पण तो रोज तितक्याच आपुलकीनं बोलतो एवढं कळलं. गावाबाहेर गवत होतं. चालता चालता चित्र थरथरायचं आणि बेडकासारखं काहीतरी समोर उभं राहायचं. मग हाणामारी, पण तीही रीतीनं. एकाचा वार झाल्याशिवाय दुसरा हात उचलत नव्हता. मिनाला हे फार न्यायाचं वाटलं.

बेडूक मेला की आकडा वाढायचा. थोडा वाढायचा, पण वाढायचा. पुरेसे बेडूक मारले की एक छोटीशी सनई वाजे आणि तिचं माणूस आधीपेक्षा बळकट होई. आणि बळकट झालेलं पुन्हा दुबळं होत नसे. गोरेगावात तिनं ढीगभर भाकरी थापल्या होत्या, घागरी वाहिल्या होत्या, आणि दर सकाळी पारुबाईच्या नजरेत ती पहिल्या दिवसाइतकीच निकामी असे. इथं एक बेडूकही वाया जात नव्हता.

पुढे तिला साथीदार मिळाले. सगळे मिळून चौघं. तलवारवाला, टोपीवाला, एक चोरट्या चालीचं पोरगं, आणि एक बाई, जी मंत्र टाकून बाकीच्यांच्या जखमा भरायची. त्या बाईला मिनानं तांड्यातल्या सुइणीचं नाव दिलं, रूपाबाई. कुणी मेलंच, तर त्याची पेटी मागं ओढत देवळात न्यायची. पुजारी काहीतरी पुटपुटे आणि मेलेलं माणूस उठून रांगेत उभं राही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मिनानं डबडं तसंच सोडलं आणि बराच वेळ मागल्या दारी जाऊन बसली.

बापाचं, पुनमचंदचं, आधी लक्ष नव्हतं. मग एका दुपारी तो काठी टेकत मागं येऊन उभा राहिला. पडद्यावर चौघं डोंगराच्या कडेनं एकामागं एक चालले होते.

"ही तर लदेणी हाय," म्हातारा म्हणाला.

"काय बा?"

"माजा आजा असाच चालायचा. बैलाच्या पाठीवर मीठ, अन् ह्या गावचं त्या गावाला. असंच, एकामागं एक. पुढं काय हाय ठावं न्हाई, पण चालायचं." तो तिथंच टेकला. "ती मागची बाई कोण?"

"रूपाबाई."

"मंग कुणी मरत न्हाई," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच हसला.

पण त्या कॅसेटला एक खोड होती. गेम जिथवर आला ते लक्षात ठेवणारा आतला सेल मेलेला होता. एकदा लाईट गेली आणि अख्ख्या आठवड्याचं चालणं पुसलं गेलं. रणजीतनं कॅसेट खोलून पाहिली. "असला सेल नांदेडातबी न्हाई मिळायचा, बाई. पण डबडं बंदच न्हाई केलं, तर?" त्यानं दुकानातून ट्रकची बॅटरी उचलून आणली, तारा जोडल्या. छोटा काळापांढरा टीव्ही त्याच बॅटरीवर चाले. खेळ झाला की टीव्ही बंद करायचा, डबडं मात्र चालूच ठेवायचं. लाल बत्ती दिसतेय तोवर चौघं आत जिवंत.

नानीबाईनं एकदा विचारलं, "हे काहून बंद करत न्हाईस?"

"बंद केलं की समदं पहिल्यापासून, याडी," मिना आईला म्हणाली.

"म्हंजी अखंड हाय," नानीबाई म्हणाली. तिला ते बरोबर समजलं.

बॅटरी उतरली की बदलायची पंचाईत होती. तार काढली की खेळ गेला. ती युक्ती आईनंच सांगितली, दिव्याकडं बोट दाखवून. "वात कशी बदलते मी? आधी नवी वात जुनीवर लावायची. ती पेटली की मंग जुनी काढायची. उजेडाला कळूबी देऊ नये." रणजीतनं चिमट्यांची दुसरी जोडी लावून दिली. आधी नवी बॅटरी, लाल तार लालला, काळी काळीला. मग जुनीचे चिमटे सोडायचे. मिना कापूस वेचायला गेली की हे काम नानीबाई करायची. ओले हात पदराला पुसून, देवीचं नाव घेऊन. एकदाही चूक झाली नाही.

दसरा झाला आणि प्रेमदास उगवला. आधी तांड्याच्या नाईकाला, धर्मसिंगला भेटला, मग त्यालाच पुढं घालून घरी आला. पारुबाईचे गुडघे गेले होते. घरात करणारं माणूस हवं होतं. हे तो बोलला नाही, पण रणजीतला फाट्यावर आधीच कळलं होतं.

"काय गं, तुजी लढाई संपली का न्हाई?" प्रेमदासनं बसता बसता विचारलं.

"संपत आली. शेवटचा वाडा राहिलाय."

"ऐका नाईक! माझ्या घराचं दार मोडून पडलंय, अन् ही वाडे जिंकून राहिली."

सगळे हसले. धर्मसिंगही हसला. "पोरी, खेळ हाय तो. त्यासाठी कुणी नवऱ्याला दारात थांबवतं का?"

"खेळच हाय," मिना म्हणाली. "मंग इतकी घाई काहून? इतके महिने ह्यांची जीप रस्ता चुकली होती. अजून चार दिवस चुकू द्या."

प्रेमदासचं हसू सुकलं. "सोमवारी येतो. त्यानंतर जीप ह्या रस्त्याला वळणार न्हाई."

"हे शेवटाला गेलं की मी सांगते. येते का न्हाई, ते."

चहा गाळणाऱ्या नानीबाईचा हात तसाच राहिला. का न्हाई, हे शब्द या घरात याआधी कुणी उच्चारले नव्हते. मिनालाही ते तोंडातून बाहेर पडल्यावरच ऐकू आले. पण ते खरे होते. तिची शाळा दहावीत सुटली, संसार अर्ध्यात सुटला, पोटातलं तर अर्ध्यापर्यंतही आलं नाही. एकदा, एकदाच काहीतरी आपल्या हातानं शेवटाला जावं. मग न्हाई म्हणायला तोंड उघडेल, असं तिला आतून वाटत होतं.

वाड्यात ती शिरली. एकेक मजला. रूपाबाईचे मंत्र जपून वापरत, प्रत्येक वेळी मागं वळून मुक्कामाला येत. रविवारी दुपारी वरच्या मजल्यावरचं मोठं दार दिसलं. दारापलीकडं कोण आहे ते तिला ठाऊक होतं. असल्या खेळात शेवटी कुणी ना कुणी असतंच. तिनं चौघांना दारापुढं उभं केलं आणि टीव्ही बंद केला. बॅटरी उतरत आली होती, मधेच दगा द्यायला नको.

"याडी, मी फाट्यावर रणजीतला च्या देऊन येते. तोवर बॅटरी बदलून ठिवतीस का? नवी दाराशीच हाय."

"जा तू," नानीबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही.

मिना परतली तेव्हा लाल बत्ती विझलेली होती.

नानीबाई पेटीशेजारी बसली होती. नवी बॅटरी जोडलेली, चिमटे नीट लावलेले, लाल लालला, काळी काळीला. "चुकलं गं, पोरी," ती म्हणाली. "आधी जुनीच काढली. म्हातारपण. ध्यानात राहिलं न्हाई."

एकदा तार सुटली की डबडं आपणहून पेटत नसे; मिनानं टीव्ही लावला, डबड्याचं बटण पुन्हा दाबलं. पडदा काळा झाला, मग तीच पहिल्या दिवसाची धून वाजली आणि रिकामी चौकट आली. खेळ तिचं नाव विचारत होता.

तिनं नाव दिलं नाही. पडदा बंद केला आणि वळली. समोर देवीचा दिवा होता, शांत, उभ्या ज्योतीचा. त्यात कोरी पांढरी वात होती, आत्ताच बदललेली. ताटलीत जुन्या वातीचं काळं टोक अजून ओलं होतं. एकाच दुपारी, त्याच हातानं, दोन्ही बदललं होतं. एक चुकलं होतं, एक चुकलं नव्हतं.

ती आईकडं पाहत राहिली. नानीबाई जुन्या वातीचं टोक उचलून पदरात गुंडाळू लागली.

"तिथं आत काय ठिवलंय, लेकरा?" ती हळूच म्हणाली. "माणसाला घर लागतं. आमी किती दिवसाचे?"

न्हाई म्हणायला मिनाचं तोंड उघडायचं होतं ते उघडलंच नाही.

सोमवारी जीप आली. प्रेमदासनं हॉर्न वाजवला. रणजीतनं कॅसेट पिशवीत घातली होती, ती मिनानं काढून पेटीवर परत ठेवली. "ह्यात कुणी न्हाई आता," म्हणाली.

"देवीच्या पाया पड," नानीबाई म्हणाली. आज तिनं नवं लुगडं नेसलं होतं. तिचा नवस फळाला आला होता.

मिना दिव्यापुढं बसली. वात पार करपत आली होती. तिनं ताटलीतली नवी वात घेतली, तेलात भिजवली आणि दिव्याकडं हात नेला. मागं नानीबाईची बांगडीसुद्धा वाजली नाही. विझवायला एका बोटाचं काम होतं. मिनाचं बोट जुन्या वातीवर टेकलं, क्षणभर तिथंच राहिलं, मग बाजूला झालं. तिनं नवी वात ज्योतीला लावली, ती नीट पेटू दिली, आणि मग जुनी चिमटीत धरून काढली. ज्योत हललीसुद्धा नाही.

"आधी नवी, मंग जुनी," ती म्हणाली. "असंच ना, याडी? हे विसरता येत न्हाई."

नानीबाईनं तोंडावर पदर घेतला. बाहेर जमलेल्या बायांना वाटलं, लेक चालली म्हणून रडते.

दिवाळीला रणजीत गोरेगावला आला. पारुबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. मिना चुलीपुढं.

"बाई, याडीला तू काहीतरी सांग," तो आवाज उतरवून म्हणाला. "नवस फिटला, तरी दिवा इझवू देईना. नाईक सांगून थकला. एकवेळचं जेवणबी सोडत न्हाई. विचारलं तर म्हणते, अजून झालं न्हाई."

"वात कोण बदलतं?"

"तीच. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई. लई तकलीफ करून घेती. तुझा निरोप गेला तर ऐकंल."

मिनानं भाकर तव्यावर टाकली. इझव म्हणावं, असा एवढासा निरोप होता. तो तिच्या ओठापर्यंत आला. भाकरीवर पाणी फिरवेपर्यंत तो तिथंच होता.

"काय सांगू तिला?"

ओसरीवरून पारुबाईनं हाक मारली, "अगं ए, च्या टाकलास का पाव्हण्याला?"

"टाकते," मिना म्हणाली. आणि भावाकडं न बघता, "सांग, मी बरी हाय."

तिनं भाकर उलटली. खालची बाजू करपली होती.