उजव्या हाताचा कठडा

जिन्याचा कठडा उजव्या हाताला लागला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण हातात चार घरं सोडून राहणाऱ्या कुसुमताईंकडून मागून आणलेली सुतळी होती, सामान बांधून व्हायच्या आत टांगा यायचा ही धास्ती होती, आणि आमच्या घरात कठडा डावीकडे आहे हे ध्यानात आलं ते अर्धा जिना चढल्यावर.

तारनाक्याची आमची ही ओळ कुणा इंग्रज इंजिनिअरने रेल्वेच्या साहेबांसाठी थेट विलायती गावासारखी बांधलेली: भिंतीला भिंत, अरुंद तोंडवळा, पुढे आलेल्या काचेच्या खिडक्या, आणि प्रत्येक घर शेजारच्या घराचं आरशातलं रूप. साहेब गेले, आम्ही सरकारी नोकरीतली मराठी माणसं आलो. दारं सगळी सारखीच, म्हणून ज्याची त्याची तुळस हीच खूण. पण राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, ह्यांची बदली औरंगाबादला झाली, आणि त्या सकाळी सासूबाईंनी आमची तुळस देऊन टाकली. शेजारच्या पद्मावतीबाई आधीच गेल्या होत्या. मी शिरले होते ते त्यांच्या रिकाम्या घरात.

बाहेर आले तर सासूबाई आमच्या दारात उभ्या.

"बी.ए. झाली हो सून, पण स्वतःचं घर ओळखेना!"

टांगेवालाही येऊन ठेपला होता. "होता अम्मा, सब घरां एकीच सरीखे दिखते," म्हणत तोही हसला. शरमेने माझे कान तापले.

सामान बांधून झालं, उरलेली सुतळी परत देऊन आले, तेव्हा मी दार नीट पारखून घेतलं. आत पाऊल टाकलं, आणि हात कठड्यावर पडला तो उजवाच. खोल्या रिकाम्या. बाहेर येऊन लगतचं दार ढकललं. तिथेही कठडा उजवीकडे, खोल्या रिकाम्या. टांगेवाला माझ्याकडेच बघत होता. त्याला काय विचारणार, माझं घर कुठलं म्हणून?

मी तशीच आत उभी राहिले. ह्या घरांच्या भिंतीतल्या शेकोट्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या, वर धुराडं एकच, त्यामुळे पलीकडचं बोलणं खोलीत बोलल्यासारखं यायचं. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, चल गं, गाडी चुकेल आपली."

मी तोंड उघडायच्या आत तिथून कुणीतरी म्हणालं, "आले हं."

मग बांगड्या वाजल्या, ट्रंकेची कडी लागली, आणि हे हसले, माझ्याशी एकटीशी हसतात तसे.

ओरडायला हवं होतं. पण सासूबाईंदेखत नवऱ्याला हाक मारायची आमच्यात रीत नाही, आणि मारली तरी सांगायचं काय, की मी पुन्हा चुकले? ट्रंक फरशीवरून दाराकडे ओढली गेली तसा मात्र माझा धीर सुटला. मी गुडघ्यांवर बसून शेकोटीत डोकं घातलं.

"अहो!"

मी डोकं आणखी आत सरकवलं.

"अहो, थांबा, मी इकडे राहिलेय!"

बांगड्या थांबल्या. कुणीतरी शेकोटीपाशी येऊन वाकलं. आणि परक्या माणसाशी बोलताना माझा होतो तोच मऊ, अवघडलेला आवाज पलीकडून आला:

"कोण हो तिकडे? ते घर तर रिकामं आहे."