लाल स्प्रिंग

गोकुळची अख्खी हयात ओझी उतरवण्यात गेलेली. कांद्याच्या गोण्या, टोमॅटोचे क्रेट. जड झालं की थोडं काढायचं, एवढंच त्याचं गणित. त्या गणितानं घात केला, आणि त्याच्या एकट्याचा केला असता तर कुणी काही म्हटलं नसतं.

वीस वर्षं वाकून कांदा लावता लावता त्याच्या बायकोचं, प्रतिभाचं, कंबरडं गेलं. मणक्याचं ऑपरेशन झालं. पिंपळवंडीच्या घरात ती भिंत धरून चालायची. मग ओतूरला व्यायाम शिकवणाऱ्या अक्षदा मॅडमनी पिलाटीज नावाच्या व्यायामाचं यंत्र आणलं. रिफॉर्मर म्हणतात त्याला. बाजेएवढी चौकट, आत रुळावर सरकणारी गादी, गादीला खालून रंगीत स्प्रिंगा. आडवं पडून दांड्याला पाय रेटायचे, गादी ढकलायची, श्वास सोडत हळूच परत आणायची. गाव हसलं, झोपून कसला आलाय व्यायाम! पण तीन महिन्यांत प्रतिभा भिंत सोडून अंगणात आली. गोकुळ गोठ्यामागं जाऊन रडला.

मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की स्प्रिंग म्हणजे ओझं नव्हे, आधार आहे. उभ्यानं करताना स्प्रिंगा कमी केल्या तर गादी पायाखालून निसटते. गोकुळनं मान डोलावली होती. डोलवायला काय जातं?

त्या सोमवारी प्रतिभाला पहिल्यांदा उभं केलं. एक पाय कडेच्या फळीवर, एक गादीवर. तेवढ्यात बाहेरच्या बाकावर एका म्हाताऱ्याला भोवळ आली. हलू नका, असं सांगून मॅडम तिकडं धावल्या. प्रतिभाच्या मांड्या लटलट कापत होत्या. गोकुळला ते बघवेना.

"एक लाल काढतो," तो म्हणाला. "हलकं जाईल तुला."

तिनं नवऱ्यावर भरवसा ठेवला. त्यानं लाल स्प्रिंग हुकातून सोडवली, तिनं पाय रेटला, आणि गादी सुसाट गेली. प्रतिभा पाठीवर आदळली, ती नेमकी चौकटीच्या कडेवर.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखालचं आता कायमचं गेलं. भावकीनं मॅडमच्या दारात तमाशा केला. मॅडमनी दाराला कुलूप घातलं. स्प्रिंग आपण काढली, हे गोकुळनं सांगितलं नाही. प्रतिभाही कुणाला काही बोलली नाही; ते त्यानंच सांगावं, हे त्याला रोज तिच्या डोळ्यांत दिसायचं.

महिन्यानं मॅडम घरी आल्या. पार वाळून गेल्या होत्या.

"गोकुळभाऊ, खरं सांगा. लाल स्प्रिंग लावायची मीच विसरले होते का? मला काही केल्या आठवत नाही."

प्रतिभा त्याच्याकडं बघत होती.

"ध्यानात न्हाई, मॅडम," तो म्हणाला.

मॅडम प्रतिभाच्या निर्जीव पायांवर डोकं टेकवून रडल्या आणि निघून गेल्या. प्रतिभाची कूस बदलायची वेळ झाली होती. गोकुळनं रोजच्यासारखा तिच्या पाठीखाली हात घातला.

"तुमी नका लावू हात," ती म्हणाली. "सासूबाईंना बोलवा."

तो आईला बोलवायला चुलीकडं गेला.