कपाटात कोंडलेला रुपेरी कॅमेरा

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, मित्रांनो; रुपेरी, मुठीत मावणारा. बीडच्या बाजारात परदेशी यंत्रं नुकतीच येऊ लागली होती, तेव्हा मी एका दुकानात काचेआड बसून होतो.

कापडदुकानदार अण्णाराव पत्नी गंगासागरबाईंना घेऊन आले. लेक प्रणिताचं लग्न ठरलं होतं. अण्णारावांचा हात शेजारच्या थोरल्या कॅमेऱ्याकडे गेला.

"ह्यात चंद्र बी जवळ दिसतो, शेठ," दुकानदार म्हणाला.

"चंद्राला काय करायचंय?" गंगासागरबाई हसल्या. "आमच्या आत्याबाईंचा फोटो पाहिजे. एका बटनाचा द्या. हळूच माजघरात नेता आला पाहिजे."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, दगडाबाई. नवरा वारल्यापासून त्या कुठल्याच शुभकार्याच्या फोटोत उभ्या राहिल्या नव्हत्या.

मला घरी आणून हळदकुंकू वाहिलं, आणि अण्णारावांनी लोखंडी कपाटात शालूंखाली ठेवून कुलूप लावलं. "रोज काढला की झिजतो," म्हणाले.

लग्नात त्यांनीच मला मिरवलं. दगडाबाई दाराआडून अक्षता टाकत होत्या.

"आत्याबाईंचा एक काढा की," गंगासागरबाई म्हणाल्या.

"आईच न्हाई म्हंती. कावून वाद घालतीस?"

पुन्हा कुलूप. डोळा असून अंधार, वर डांबरगोळ्यांचा वास. पलीकडे माजघरात दगडाबाई अभंग गुणगुणायच्या. वाटायचं, कोंडलेले आम्ही दोघं आहोत.

श्रावणात महादेवाच्या देवळात कीर्तन होतं. बुवांचा फोटो काढायला अण्णारावांनी मला नेलं. बुवा रंगात आले होते. "माझा शंभू स्मशानातली राख अंगाला फासतो, मायबाप! त्याच्या दारात अशुभ कोण?"

बुवांवर रोखलेला मी खाली आलो. अण्णाराव उठले, बायकांच्या बाजूला गेले. "घे," पत्नीला म्हणाले, "आईचा काढ."

दगडाबाईंनी पदर तोंडावर ओढला. "नगं गं बाई! लेकरांचं वाईट व्हईल."

पहिल्या श्रावणाला माहेरी आलेली प्रणिता आजीच्या खांद्याला गाल लावून बसली. "माझं काय वाईट व्हतंय? आई, तू काढ."

बटण दाबलं गेलं. माझ्या इवल्या पडद्यावर फोटो लगेच उमटला. दगडाबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"अगं, मी तर लई हसाया लागले की!"

मित्रांनो, आम्हाला जपा, पण कोंडू नका. आम्ही वापरानं झिजलो तरी चालेल. आणि बटण दाबण्याआधी एकदा बघा, दाराआड कुणी उभं आहे का. असेल, तर आधी त्याचा हात धरून आत आणा.