डाव्या मांडीचा घेर

दादा कचेरीतून निवृत्त झाले त्या दिवसापासून घराला डॉक्टरची गरज उरली नाही. तीस वर्षं फायलींवर शेरे मारले होते, आता माणसांवर मारू लागले. धाकट्या भावाच्या डाव्या मांडीत गाठ आली, ती त्यांनी चष्मा न लावता तपासली.

"दुखते?"

"नाही."

"मग चरबी. बाकी सगळी बायकी काळजी."

धाकट्याच्या बायकोने तीनदा डॉक्टरचं नाव काढलं. तिन्ही वेळा दादांनी तिला चहा टाकायला सांगितलं.

चार महिन्यांनी जुन्या मापावर शिवून आणलेली नवी पँट डाव्या मांडीवर चढेना. दादांचं निदान तयार होतं: टेलर गाढव आहे. भावाला पुढे घालून ते दुकानात थडकले.

हा टेलर दोन्ही मांड्या मोजायचा. गिऱ्हाइकं त्याला वेळखाऊ म्हणत. त्याने जुनी वही उघडली, मग टेप लावली.

"तेव्हा दोन्ही तेवीस. आज उजवी तेवीस, डावी सव्वीस."

"मग तीन इंच सोड. शिवणीत जादा कापडाची माया ठेवली असशील ना?"

"ठेवलीये. पण चरबी एकाच पायाला धरलेली मी पाहिली नाही. हाताला गाठ लागतेय, खोल आहे, हलतही नाही. डॉक्टरांना दाखवा, तोवर पँट देणार नाही."

"तू मला शिकवणार?"

"तुमच्या मापाला काही झालेलं नाही, दादा. तुम्ही बसा."

टेलरकडून वहीतले आकडे चिठ्ठीवर उतरवून घेऊन धाकट्याच्या बायकोने दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला इस्पितळात नेलं. स्कॅन झाला, सुईने तुकडा काढला. सार्कोमा, स्नायूतला दुर्मीळ कॅन्सर.

"खोल, वाढणारी गाठ. दुखत नाही म्हणून लोक घरी बसतात," डॉक्टरीणबाई चिठ्ठी बघत म्हणाल्या. "हाडापर्यंत गेलेली नाही. पाय वाचेल."

वाचला. दादा भेटायला येणाऱ्याला सांगत, "मला आधीच शंका होती. उगाच नेलं का मी त्याला टेलरकडे?"

ऑपरेशननंतर टेलर घरी माप घ्यायला आला. उजवी तेवीस, डावी वीस.

"या खेपेला नीट शीव," दादा म्हणाले. "मागच्या वेळी घोळ घातला होतास."

टेलरने टेप गुंडाळली. धाकट्याची बायको नवऱ्याजवळ बसली होती, ती उठली नाही.

"दादा, चहा टाका. आम्हा तिघांचा."

दादा आत गेले. साखर कुठे असते, हे त्यांनी चार वेळा विचारलं.