वाचवलेलं बसभाडं

घरखर्च पुतळीच्या हातात आल्यापासून त्या घरात काही वाया गेलं नव्हतं. साबणाची वडी ती दोऱ्यानं मधोमध कापायची आणि निम्मीच न्हाणीत ठेवायची. चहात साखरेऐवजी गूळ पडायचा. नवरा परशू आणि दीर झिलू जंगलातल्या कामावर जात, आणलेली मजुरी तिच्या हातावर ठेवत. पावसाआधी घरावर नवी कौलं चढवायचीच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

त्या थंडीत रामनगरच्या बसचं भाडं वाढलं. बाजाराला दोघी जावा मिळून जायच्या, कारण एकटीला ओझं झेपत नसे. आता आणखी कशाला कात्री लावावी, ते पुतळीला सुचेना.

“अक्का, चालत गेलं तर?”

पुतळीनं चुलीपुढून वळून पाहिलं. धाकटी जाऊ फुला खानापूरकडून लग्न होऊन आली त्याला सहा महिने झाले होते, पण विचारल्याशिवाय तिचं तोंड उघडत नसे.

“रानातनं? दोन तास लागतील, फुले.”

“लागंनात का.”

बाजाराच्या दिवशी दोघी उजाडताच निघाल्या. रान धुक्यात बुडालं होतं. झाडांचे बुंधे तेवढे दिसत, वरचं सगळं आभाळात विरघळून गेलेलं. ओल्या पाल्यावर पावलं वाजत नव्हती. डोक्यावरून धनेश उडत गेला. कुणी सुपानं भात पाखडावा तसा त्याच्या पंखांचा आवाज बराच वेळ येत राहिला, पक्षी मात्र दिसला नाही. आपण चालतोय की नुसतं धुकंच मागं सरकतंय, हे पुतळीला कळेनासं झालं.

मग समोर गवा उभा राहिला. काळाभोर, गुडघ्यापर्यंत पाय पांढरे. फुलानं पुतळीचा हात घट्ट धरला. गव्यानं दोघींकडं शांतपणे पाहिलं, नाकातून वाफ सोडली आणि तो धुक्यात असा मिसळला, की जणू कधी आलाच नव्हता.

तो गेला तरी फुलानं हात सोडला नाही. चालता चालता ती बोलू लागली.

“माझ्या सपनात माहेरची हीर येती, अक्का. आई वाकून पाण्यात बघती, पन हाक मारत न्हाई.”

पुतळीनं वाटेत आलेली फांदी बाजूला सारली. “माझी आई मी रांगत हुते तवाच गेली. ती बी येती सपनात. पन पाठमोरी.”

“मग तुमी हाक मारायची की.”

“काय म्हनून मारू? सवयच न्हाई.”

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. परशूलाही नाही.

त्यानंतर दर बाजाराला त्या चालतच गेल्या. कुठं बोलत, कुठं नुसतंच चालत. शिमग्याच्या आधी कौलं आली, घरावर चढली. परशू खुशीत म्हणाला, “झालं की मनासारखं! आता पाय तोडू नका. बसनं जावा.”

दोघी बसनं निघाल्या. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कोंबड्यांची टोपली, पोरांची रडारड, कंडक्टरचं ओरडणं. फुला खिडकीच्या गजाला कपाळ टेकून गप्प बसली होती, लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत बसायची तशी. पुतळी तिच्याकडं बघत राहिली. बाहेर झाडांत अजून पातळसं धुकं होतं.

रानातली पायवाट सडकेला मिळते त्या वळणावर कुणाला तरी घ्यायला बस थांबली. पुतळी उठली.

“उतर, फुले.”

“ओ बाई, तिकीट रामनगरचं हाय तुमचं!” कंडक्टर म्हणाला.

“असू दे.”

बस धूळ उडवत गेली. फुला तोंडाला पदर लावून हसायला लागली. “अक्का, तुमी पैसं वाया घालवलं!”

“व्हय की,” पुतळी म्हणाली आणि तिलाही हसू आवरेना.

बाजारात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. चांगली सुकी मासळी संपली होती. उरलीसुरली घेऊन दोघी परतल्या.

संध्याकाळी परशूनं विचारलं, “बस उशिरा आली व्हय?”

“न्हाई. आमीच मधी उतरलो.”

“का?”

“बोलायचं हुतं.”

परशूनं दोघींकडं पाहिलं, पाय धुतले आणि तो जेवायला बसला. पुढच्या बाजाराला तो बसनं जा म्हणाला, तेव्हा पुतळीनं नको म्हटलं. त्यानंही मग आग्रह केला नाही.